लॅपटॉपची अकाली निद्रा : कारणे, निदान व मापनाची शुचिता

१. विषयप्रवेश

काही काळापूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एका संशोधक विद्यार्थ्याने मोठ्या आनंदाने एक आलेख आणून दाखविला. एका अर्धवाहक नमुन्याला भट्टीत ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून, रात्री नऊच्या सुमारास भट्टी बंद करून, तो नमुना सावकाश निवत असता त्याचा विरोध दर अर्ध्या मिनिटास मोजावयाचा, असा तो प्रयोग होता. मापन-यंत्र लॅपटॉपला जोडलेले होते व आकडे आपोआप लिहिले जात होते. मापनाच्या अनुक्रमांकानुसार काढलेल्या त्या आलेखात एके ठिकाणी विरोध एकदम वर उसळलेला दिसत होता. पदार्थाच्या अवस्थांतराचे हे चिन्ह असावे, असा विद्यार्थ्याचा तर्क होता व त्यावर शोधनिबंधाचा आरंभही झालेला होता.

दुसऱ्या रात्री तोच प्रयोग पुन्हा केला. उसळी पुन्हा आली, परंतु निराळ्या जागी. पहिल्या रात्री ती ११८ अंशांवर होती, दुसऱ्या रात्री १८२ अंशांवर. पदार्थाचे अवस्थांतर आपले तापमान असे रातोरात बदलीत नाही. तेव्हा विरोधाचा आलेख अनुक्रमांकाऐवजी तापमानानुसार काढून पाहिला. उसळी नाहीशी झाली. तिच्या जागी एक रिकामी जागा उरली आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच सलग वक्रावर बसले. लागोपाठच्या दोन नोंदींत तापमान ११८ अंशांवरून ६७ अंशांवर आले होते. म्हणजे त्या दोन नोंदींच्या मध्ये अर्धे मिनिट गेलेले नसून चार तासांहून अधिक काळ लोटला होता. पदार्थात काहीच घडले नव्हते. लॅपटॉप झोपी गेला होता, इतकेच.

लॅपटॉप मध्येच झोपी जातो ही तक्रार आज नांदेड व लातूर येथील विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या नित्य परिचयाची आहे. बहुतेकांच्या लेखी ती केवळ एक गैरसोय असते. परंतु ज्याचे मापन वा गणित रात्रभर त्या यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने ती चुकीच्या निष्कर्षाची जननी ठरू शकते. म्हणून या दोषाची मीमांसा करून त्याच्या निदानाची एक सुसंगत पद्धती मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. निद्रा म्हणजे नेमके काय ?

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. पडदा काळा झाला म्हणजे यंत्र झोपले, असे सरसकट म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्या काळ्या पडद्यामागे चार भिन्न अवस्था असू शकतात.

पहिली अवस्था केवळ पडदा मालवल्याची. येथे संगणकाचे काम अखंड चालू असते. दुसरी खरी निद्रा. हिच्यात प्रोसेसर थांबतो, परंतु रॅम या तात्पुरत्या स्मृतीला वीज मिळत राहते. म्हणून कळ दाबताच अपुरे काम क्षणार्धात समोर येते. तिसरी दीर्घनिद्रा, जिला संगणकाच्या व्यवहारात हायबरनेशन म्हणतात. हिच्यात स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते आणि सुरू करताना उत्पादकाचे बोधचिन्ह दिसून मग जुने काम परत येते. चौथी अवस्था म्हणजे यंत्र अकस्मात बंद पडणे. येथे जुने काम परत येत नाही.

या अवस्थांची व्यवस्था लावणारा ‘ए.सी.पी.आय.’ नावाचा संकेत इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जागृतावस्थेस ‘एस-०’, स्मृती जिवंत ठेवणाऱ्या निद्रेस ‘एस-३’, दीर्घनिद्रेस ‘एस-४’ व पूर्ण बंद अवस्थेस ‘एस-५’ अशी नावे आहेत. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत ‘एस-३’ आढळत नाही. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची एक हलकी निद्रा असते, जिच्यात यंत्र नावापुरते ‘एस-०’ मध्येच राहते, परंतु आपण चालविलेले कार्यक्रम स्थगित केले जातात. आपल्या यंत्रात यांपैकी कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत, हे विंडोज प्रणालीत ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘/ए’ या जोडासह दिली असता कळते.

निदानाची पहिली पायरी, अर्थातच, चौघींपैकी कोणती अवस्था आपल्यापुढे आहे हे ठरविणे ही होय. कळ दाबल्यानंतर काय दिसते, एवढे लक्षपूर्वक पाहिले तरी निम्मे काम होते.

३. निद्रेची आज्ञा कोण देतो ?

यंत्र आपण होऊन झोपत नाही. त्याला कोणीतरी झोपावयास सांगितलेले असते. हे सांगणारे मुख्यतः पाच आहेत : निष्क्रियतेचे घड्याळ, झाकणाचा संवेदक, बॅटरी, उष्णता, आणि कळ किंवा एखादा कार्यक्रम. यांचा क्रमशः विचार करू.

(अ) निष्क्रियतेचे घड्याळ. ठराविक काळ वापर झाला नाही तर यंत्राने झोपावे, अशी योजना प्रत्येक लॅपटॉपात असते. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, संगणकाच्या मते ‘वापर’ म्हणजे मुख्यतः कळफलकास वा माऊसला झालेला मनुष्याचा स्पर्श. आपला कार्यक्रम रात्रभर समाकलने करीत असला वा दर अर्ध्या मिनिटास मापन घेत असला, तरी मनुष्याचा हात लागला नाही तर घड्याळ पुढे सरकत राहते. चित्रपट पाहताना यंत्र झोपत नाही, कारण चित्रपट दाखविणारा कार्यक्रम ‘मला जागे राहू द्या’ अशी विनंती प्रणालीस करीत असतो. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला कार्यक्रम अशी विनंती करीत नाही, कारण ती करावी लागते हेच त्याला ठाऊक नसते.

या घड्याळाच्या दोन मर्यादा असतात. यंत्र विजेवर असतानाची एक आणि बॅटरीवर असतानाची दुसरी. दुसरी बहुधा पुष्कळच लहान असते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगात हेच घडले होते. मापन-यंत्र यू.पी.एस.वर होते. लॅपटॉपला मात्र भिंतीतील साधा प्लग दिलेला होता, कारण ‘लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला यू.पी.एस.ची काय गरज’, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटत होता. पहिल्या रात्री २ वाजून २५ मिनिटांनी वीज गेली, असे रात्रपाळीच्या रखवालदाराने सांगितले. यंत्राच्या नोंदवहीत निद्रेची वेळ २ वाजून ४० मिनिटे होती. मधली पंधरा मिनिटे म्हणजे बॅटरीवरील घड्याळाची ठरलेली मर्यादा होय. वीज तासाभराने परत आली, परंतु वीज आली म्हणून झोपलेला लॅपटॉप सहसा जागा होत नाही. सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी विद्यार्थ्याने कळ दाबली, कार्यक्रम जेथे थांबला होता तेथून पुढे चालू लागला, आणि पडदाच काय तो मालवला असेल, अशा समजुतीने त्याने ती गोष्ट मनावेगळी केली.

या घड्याळाचे एक गुप्त भावंडही आहे. यंत्र मनुष्याच्या हाताने न उठता जाळ्यातून आलेल्या संदेशाने वा ठरविलेल्या वेळेने उठले असेल, तर विंडोज प्रणाली त्याला एक निराळी मर्यादा लावते. ही सर्वसाधारणपणे दोन मिनिटांची असते व नेहमीच्या पडद्यावर ती दिसत नाही. लातूरला बसून नांदेडच्या प्रयोगशाळेतील यंत्र दुरून जागे करणाऱ्यास ते दोन मिनिटांत पुन्हा झोपलेले आढळते, त्याचे कारण बहुधा हे असते.

(आ) झाकणाचा संवेदक. झाकण मिटले हे लॅपटॉपास कसे कळते ? पूर्वी त्यासाठी दाबली जाणारी एक लहानशी खुंटी असे. आज बहुतेक यंत्रांत पडद्याच्या चौकटीत एक छोटे चुंबक व खालच्या भागात हॉल-संवेदक असतो. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल याने सोन्याच्या पातळ वर्खावर जो परिणाम पाहिला, तोच येथे कामास लावलेला आहे. वाहकातून प्रवाह जात असता त्याला लंबरूप चुंबकीय क्षेत्र लावले, तर दोहोंना लंब अशा दिशेने एक लहान विभव निर्माण होतो. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हॉल-गुणांक काढण्याचा प्रयोग असतो. परंतु तो प्रयोग करून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या पुढ्यातील लॅपटॉपात तोच परिणाम प्रत्यही घडत आहे, याची क्वचितच जाणीव असते.

असे संवेदक काही मिलिटेस्ला क्षेत्राला प्रतिसाद देतात. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला, म्हणजे त्याच्या शतांशाच्या आसपास असल्यामुळे त्याची बाधा होत नाही. मोबाईलच्या पाकिटाचे झाकण, घड्याळाच्या पट्ट्याची चुंबकीय कडी, डायरीची चिकटणारी पट्टी, किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप यांतील चुंबके मात्र जवळ आली असता संवेदकाची सहज फसवणूक करतात. झाकण सताड उघडे असूनही ते मिटले आहे, अशी यंत्राची समजूत होते.

लातूरच्या एका अध्यापकांचा लॅपटॉप लेखन करता करता दिवसातून अनेकदा झोपत असे. दुरुस्तीच्या एका दुकानात मदरबोर्ड बदलावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. यंत्र केवळ टंकलेखनाच्या वेळीच झोपते, वाचनाच्या वेळी नाही, हे त्यांनीच ध्यानात आणून दिले तेव्हा कारणाचा उलगडा झाला. डाव्या मनगटावरील घड्याळाचा पट्टा चुंबकाने जुळणारा होता व संवेदक कळफलकाच्या डाव्या बाजूस होता. घड्याळ काढून ठेवताच व्याधी संपली. मदरबोर्डचा खर्च वाचला हे तर खरेच. परंतु बोर्ड बदलूनही दोष तसाच राहिला असता, हे अधिक महत्त्वाचे.

(इ) बॅटरी. लिथियम-आयन घट जुना होऊ लागला की त्याची धारणशक्ती घटते व अंतर्गत विरोध वाढतो. याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तीन घटांच्या मालेचा विभव ११.१ व्होल्ट आहे आणि यंत्र ३ अँपिअर प्रवाह घेत आहे. नव्या मालेचा अंतर्गत विरोध ०.१५ ओहम धरल्यास विभवातील घट ०.४५ व्होल्ट होऊन १०.६५ व्होल्ट उरतात. जुन्या मालेचा विरोध ०.६ ओहम झाला असेल, तर घट १.८ व्होल्ट होऊन केवळ ९.३ व्होल्ट उरतात. यंत्राने ९.६ व्होल्ट ही धोक्याची सीमा मानली असेल, तर पडद्यावर तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच ते तातडीने झोपेल किंवा बंद पडेल. पडद्यावरील टक्केवारी हा एक अंदाज असतो व जीर्ण बॅटरीच्या बाबतीत तो पुष्कळदा फसतो. ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेस ‘/बॅटरीरिपोर्ट’ हा जोड दिला असता मूळ धारणशक्ती व आजची धारणशक्ती शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

चार्जरचा विचारही येथेच केला पाहिजे. सैल झालेली पिन, किंवा यंत्राने न ओळखलेला चार्जर, यांमुळे तार जोडलेली असूनही यंत्र बॅटरीवरच चालत असते आणि मग बॅटरीच्या लहान मर्यादा लागू होतात.

(ई) उष्णता. नांदेड गोदावरीच्या काठी सखल भागात, तर लातूर बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. तथापि एप्रिल-मेच्या उन्हाचा ताप दोन्ही ठिकाणी कडक असतो व पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. त्यात काळ्या मातीची धूळ, नांदेडकडील कापसाचे तंतू आणि लातूरच्या डाळ-गिरण्यांच्या परिसरातील बारीक कोंडा यांची भर पडते. हा सर्व मल पंख्यासमोरील धातूच्या पातळ पात्यांत अडकून वाऱ्याची वाट अडवितो.

प्रोसेसरचे तापमान म्हणजे भोवतालचे तापमान अधिक शक्ती व उष्मा-विरोध यांचा गुणाकार. समजा, शक्ती २५ वॅट व स्वच्छ यंत्राचा उष्मा-विरोध दर वॅटमागे २ अंश आहे. म्हणजे वाढ ५० अंशांची. मळलेल्या यंत्राचा विरोध २.६ धरला, तर वाढ ६५ अंशांची. डिसेंबरातील २६ अंशांच्या दिवशी स्वच्छ यंत्र ७६ अंशांवर व मळलेले ९१ अंशांवर राहील. मे महिन्यातील ४३ अंशांच्या दुपारी स्वच्छ यंत्र ९३ अंशांपर्यंत जाईल, तर मळलेले १०८ अंशांकडे धाव घेईल. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तात्पर्य, धूळ हिवाळ्यातच साचलेली असते, पण तिचे दुष्परिणाम उन्हाळ्यात प्रगट होतात. म्हणून ‘कालपर्यंत तर चांगला चालत होता’ या उद्‌गारावरून दोष कालच उद्‌भवला, असे अनुमान काढू नये.

मर्यादा जवळ आली की प्रोसेसर प्रथम आपली गती कमी करतो. एवढ्याने भागले नाही तर, ए.सी.पी.आय. संकेतातील योजनेप्रमाणे, ‘हॉट’ सीमेवर दीर्घनिद्रा व ‘क्रिटिकल’ सीमेवर यंत्र बंद करणे, असे उपाय योजिले जातात. आधी मंदपणा, पंख्याचा मोठा आवाज आणि मग एकाएकी अंधार, हा क्रम आढळला तर उष्णतेचा संशय घ्यावा. गादीवर वा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपात हाच क्रम धुळीवाचूनही घडतो, कारण खालची जाळी बुजलेली असते.

(उ) कळ व कार्यक्रम. निद्रेची कळ चुकून दाबली जाणे, कळ सदोष होणे, किंवा एखाद्या कार्यक्रमानेच निद्रेची आज्ञा देणे, ही कारणे त्यामानाने विरळा. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

४. निदानाचा क्रम

रोग्याच्या घरच्यांना न विचारता शस्त्रक्रिया करणारा वैद्य आणि नोंदवही न पाहता सुटे भाग बदलणारा कारागीर यांत फारसा भेद नाही. लॅपटॉप स्वतःची दैनंदिनी लिहीत असतो. ती प्रथम वाचावी.

विंडोज प्रणालीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टम’ या नोंदींत ‘कर्नेल-पॉवर’ या उगमाच्या नोंदी पाहाव्यात. क्रमांक ४२ ची नोंद यंत्र निद्रेत जात असल्याची असते व तिच्यातच कारण दिलेले असते : निष्क्रियता, कळ किंवा झाकण, बॅटरी, अथवा एखादा कार्यक्रम. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या यंत्रांत क्रमांक ५०६ निद्राप्रवेशाची व ५०७ जागृतीची नोंद होय. क्रमांक ४१ आढळल्यास यंत्र झोपले नव्हते, रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले होते, असे समजावे; तेव्हा वीज, बॅटरी व उष्णता यांकडे वळावे. लिनक्स प्रणालीत ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने हीच दैनंदिनी वाचता येते. झाकण उघडे असतानाच्या वेळेस झाकण मिटल्याची ओळ तेथे आढळली, तर चुंबकाचा शोध घ्यावा.

कारण कळल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. निष्क्रियता हे कारण असेल तर दोन्ही मर्यादा तपासाव्यात. झाकण असेल तर टेबलावरील व अंगावरील चुंबके दूर करावीत, आणि झाकण मिटल्यावर ‘काहीच करू नये’ अशी योजना तात्पुरती करून पाहावी. बॅटरी असेल तर धारणशक्तीचा अहवाल काढावा. उष्णता असेल तर पाती स्वच्छ करून तेच काम त्याच वेळी पुन्हा चालवावे. चार गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर दोष गेल्याचे समाधान मिळते, परंतु कारण अज्ञातच राहते. आणि अज्ञात कारण परत येते.

५. मापनाची शुचिता

रात्रभराच्या कामासाठी काही नियम आम्ही आता प्रयोगशाळेत पाळू लागलो आहोत. मापन-यंत्राबरोबर लॅपटॉपही यू.पी.एस.वर ठेवावा व बॅटरीवरील निद्रेची मर्यादा त्या रात्रीपुरती काढून टाकावी. कार्यक्रमाने स्वतःच जागरणाची विनंती करावी. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींत तशी सोय आहे. मॅक प्रणालीतील आज्ञेचे नाव ‘कॅफिनेट’ असून, रात्र जागविणाऱ्या कॉफीची आठवण त्यात आहे. दीर्घ गणिताने दर काही मिनिटांनी आपले मधले फलित डिस्कवर लिहावे, म्हणजे व्यत्यय आला तरी आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही. काम आटोपल्यावर सर्व मर्यादा पूर्ववत कराव्यात. अन्यथा पिशवीत जागाच राहिलेला लॅपटॉप तापून बॅटरीचे आयुष्य कमी करतो.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम असा की, प्रत्येक मापनाशेजारी त्याची वेळ लिहिली गेली पाहिजे. अनुक्रमांक हा काळाचा प्रतिनिधी नव्हे. आमच्या विद्यार्थ्याच्या नोंदींत वेळेचा रकाना असता, तर चार तासांचे भगदाड पहिल्याच सकाळी दिसले असते. आता त्याचा कार्यक्रम प्रत्येक नोंदीची वेळ लिहितो आणि लागोपाठच्या दोन वेळांत एक मिनिटाहून अधिक अंतर पडल्यास ती जागा स्वतःच खुणावतो.

६. समारोप

तिसऱ्या रात्री हे नियम पाळून प्रयोग पुन्हा केला. रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंतच्या अकरा तासांत १,३२० नोंदी मिळाल्या. वक्र प्रारंभापासून अखेरपर्यंत सलग होता. उसळी नव्हती, आणि अर्थात शोधनिबंधही नव्हता. विद्यार्थी काहीसा खिन्न झाला, हे सांगितलेच पाहिजे. परंतु त्याच सलग वक्रावरून त्याने नमुन्याची सक्रियण-ऊर्जा काढली, आणि ती दोन्ही आधीच्या रात्रींच्या तुकड्यांवरून काढलेल्या मूल्यांशी जुळली. जे खरे होते ते तिन्ही रात्री एकच राहिले. जे यंत्राच्या झोपेतून जन्मले होते ते दर रात्री जागा बदलीत होते.

उपकरण हे प्रयोगाचाच एक भाग आहे, हे आपण वर्गात शिकवितो. लॅपटॉप मात्र इतका परिचयाचा झाला आहे की, तोही एक उपकरण आहे याचा आपणास विसर पडतो. तुलायंत्राचा शून्यांक तपासल्यावाचून आपण वजन करीत नाही; रात्रभराच्या कामावर बसविण्यापूर्वी लॅपटॉपच्या झोपेची चौकशी करणे, हा त्याच शिस्तीचा विस्तार होय.